कागदावरचं पांढरं छत

पत्र आलं तेव्हा नीळमावशीचे दोन्ही हात कोपरापर्यंत टबात होते. सगळी गल्ली तिला नीळमावशीच म्हणायची. तीस वर्षं चादरींना नीळ देऊन देऊन तिच्या बोटांची टोकं निळी झाली होती, आणि कितीही साबण चोळला तरी तो निळेपणा जात नव्हता. दवाखान्याच्या, दोन लॉजच्या आणि एका वसतिगृहाच्या चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या. खाली धुण्याची खोली, तिच्यात भट्टी, टब आणि पिळायचं यंत्र. वर एक खोली, तिच्यात तिचे सासरे. त्याच्याही वर सपाट छत, तिथे चादरी वाळायच्या. घर कसलं, उभा केलेला कारखानाच तो.

लिफाफा दातात धरून ती जिना चढली.

"मामंजी, वाचा हे. माझे हात ओले आहेत."

सासऱ्यांचं डावं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. जीभ मात्र शाबूत होती. उलट गेलेल्या अंगाचंही काम ती एकटीच करायची. उमेदीत ते गल्लीचे इस्त्रीवाले. "जन्मभर मी इस्त्री फिरवली सूनबाई, आता छत माझ्यावर इस्त्री फिरवतंय," असं ते दुपारी म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. दुपारी बारापासून दिवस कलेपर्यंत ती खोली तव्यावर ठेवल्यासारखी तापायची. वरचा पंखा तीच गरम हवा ढवळून पुन्हा त्यांच्या अंगावर टाकायचा.

त्यांनी उजव्या हाताने कागद झटकला. "'आपणांस कळविण्यात आनंद होतो की'... सूनबाई, ह्यांना आनंद झालाय म्हणजे आपली खैर नाही."

"पुढं वाचा हो."

पत्र होतं विभागीय ऊर्जा बचत कार्यालयाचं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी जुन्या वस्तीत एक योजना काढली होती. सपाट छतांवर ऊन परतवून लावणारा पांढरा लेप द्यायचा आणि खोलीच्या आतून, छताखाली, उष्णता अडवणारे जाड तक्ते बसवायचे. घरं गार राहिली की पंखे-कूलर कमी फिरणार, वीज वाचणार. घरमालकाला काही द्यावं लागत नव्हतं. योजना चांगली होती, खोटं कशाला बोलावं? शेजारच्या पत्रेवाल्याच्या घरी काम झालं आणि त्याची बायको सांगत आली, "मावशी, आता दुपारीसुद्धा भांडायला अंगात जोर राहतो." नीळमावशीने दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला होता. तेव्हापासून ती वाट बघत होती.

सासरे वाचत होते. "'पाहणीच्या वेळी आपल्या घराचे छत पूर्णतः पांढरे आढळून आल्याने आपला अर्ज उद्दिष्ट साध्य या शेऱ्यासह निकाली काढण्यात येत आहे. ऊर्जा बचतीतील आपल्या योगदानाबद्दल अभिनंदन.'" त्यांनी कागद छातीवर ठेवला. कपाळावरचा घाम ओघळून कानात गेला. "अभिनंदन सूनबाई. आपण गार झालो."

"पांढरं? कुणाचं छत पांढरं?"

ती तशीच वर गेली. अकरा वाजून गेले होते, सकाळच्या चादरी तिने केव्हाच उचलल्या होत्या. समोर तिचं छत पसरलं होतं, काळं कुळकुळीत. पावसाळ्यात गळू नये म्हणून नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी त्यावर डांबर घातलं होतं. उन्हाने त्याला फोड आले होते. तिने वाकून एक फोड अंगठ्याने दाबला आणि अंगठा काळा झाला. निळ्यावर काळा.

"आंधळे मेले," ती म्हणाली. पण कोण आंधळं, ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

ऊर्जा बचतीचं कार्यालय मात्र गार होतं. इतकं, की खिडकीमागच्या कारकुनाने स्वेटर घातला होता.

"मावशी, तुमचं छत पांढरं आहे."

"काळं आहे."

"इथं पांढरं दिसतंय."

"मी रोज त्याच्यावर चार वेळा चढते बाबा. तू किती वेळा चढलास?"

कारकुनाने उसासा टाकला आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. विमानातून काढलेला वस्तीचा फोटो होता. घरं काड्यापेट्यांएवढी, गल्ल्या दोऱ्यांएवढ्या. बहुतेक छतं काळी-करडी. मधोमध एक छत दुधासारखं चमकत होतं आणि त्यावर हिरवी खूण होती. नीळमावशी काचेला नाक लागेपर्यंत पुढे झुकली. मग तिच्या पोटातून आधी हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग जे आलं ते हसू नव्हतं.

"अरे बाळा, ह्या चादरी आहेत."

"काय?"

"दवाखान्याच्या. साठ. मंगळवारच्या."

फोटोच्या कोपऱ्यात वार आणि वेळ छापली होती. मंगळवार, सकाळी साडेनऊ. नीळमावशीची वाळवायची रीत इतरांपेक्षा वेगळी होती. उंच दोरीवर टाकलेल्या चादरीला मधोमध वळ पडतो, वाऱ्याने तिचे कोपरे चिरतात. म्हणून सासऱ्यांनी फार पूर्वी छतभर, तळापासून वीतभर उंचीवर, तारा ताणून घेतल्या होत्या. त्या तारांवर चादरी आडव्या पसरायच्या, काठाला काठ भिडवून, जशी बाजेवर सतरंजी. खालून डांबराची धग, वरून ऊन. वीस मिनिटांत चादर कोरडी. धूळ उठायच्या आत, अकरापूर्वी सगळं उचलायचं. उभ्या वस्तीत असं कुणी करत नव्हतं. अशी चूक व्हायची तर ती तिच्याच छतावर होऊ शकत होती.

"हे बघ, ही ओळ वाकडी आहे ना? त्या दिवशी एक तार ढिली झाली होती. आणि हा काळा ठिपका काय आहे, सांग."

"तो... पाण्याची टाकी असेल."

"ती मी आहे."

कारकुनाने चष्मा वर करून पाहिलं.

"टाकी नाही रे, मी आहे ती. वाकलेय. टाकी वाकते का कधी?"

मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं. कारकुनालाही हसू आलं होतं, पण त्याने ते आवरलं. माणूस वाईट नव्हता. "मावशी, मला पटतंय तुमचं. पण माझ्या पटण्याला इथं किंमत नाही. नोंद फोटोवरून होते. हरकत घ्यायची तर पुरावाही विमानाच्या फोटोचाच लागतो, आणि पुढचं विमान पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षीपर्यंत मामंजींना कुठं ठेवू? बर्फात?"

"मी काय करू?"

"माणूस पाठव. जिना चढून डोळ्यांनी बघेल, पाच मिनिटांचं काम."

"माणसं पाठवायचं बंद झालं. माणसं खोटं लिहायची, म्हणून तर विमान आणलं." त्याने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? तुमचं छत आकड्यात धरून अहवाल वर गेलाय. एकदा वर गेलेला आकडा खाली येत नाही."

"माणसाने खोटं लिहिलं तर त्याचा कान धरता येतो," नीळमावशी म्हणाली. "विमानाचा कुठं धरू? आजवर उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते. तुम्ही तर आभाळातून हाकायला लागलात."

ती बाहेर आली. दारातून उन्हाचा भपका तोंडावर आला आणि तिला एकदम वाटलं, हा सगळा गारवा आत, ह्या लोकांनी, आपल्याच वाट्याचा साठवून ठेवला आहे.

सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. एका हाताने जेवढं धरता येतं तेवढं. "म्हणजे तू धुतेस इतकं पांढरं, की सरकारचे डोळे दिपले!" पण त्या आठवड्यात ऊन वाढलं आणि त्यांचं हसू आटत गेलं. ताट अर्धं राहू लागलं. बोलता बोलता ते वाक्याच्या मध्यात थांबायचे आणि पुढचं विसरायचे.

एके दिवशी तीनच्या सुमाराला ती पाणी घेऊन वर गेली आणि म्हणाली, "उठा, पिऊन घ्या." त्यांनी डोळे उघडले, पण थट्टा केली नाही. तिने पाणी तिथेच खाली ठेवलं. अंगाला हात लावला तर अंग कोरडं आणि निखाऱ्यासारखं. तिने खाली धाव घेतली, टबातली पहिली हाताला लागली ती चादर उपसली आणि न पिळताच आणून त्यांना पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं. पुन्हा एक. पुन्हा एक. जिन्यावरून पाणी ओढ्यासारखं वाहत होतं. पत्रेवाल्याची बायको ओरडा ऐकून आली आणि तशीच दवाखान्याकडे पळाली.

तिथली नर्स आली, तिने नाडी पाहिली, हाताला सलाईन लावली. दीड तासाने सासऱ्यांनी डोळे उघडले, अंगावरच्या चादरीकडे पाहिलं आणि पुटपुटले, "ही लॉजची आहे. नीळ कमी पडलीय." तेव्हा नीळमावशी तोंडाला पदर लावून रडली.

जिन्यात नर्सने तिला थांबवलं. "मावशी, आज वाचले. पण ह्या खोलीत ठेवलंत तर ते हा उन्हाळा काढणार नाहीत. त्यांना खाली घ्या."

"खाली भट्टी आहे बाई. वाफ. वरचं बरं म्हणायची पाळी आहे."

"मग छताचं काहीतरी करा. लवकर."

छताचं काहीतरी! तिने केलं नव्हतं का? मागच्या उन्हाळ्यात चुना कालवून स्वतःच्या हाताने अख्खं छत सारवलं होतं. चार दिवस गारवा आला आणि पाचव्या दिवशी दवाखान्याने चादरींचा गठ्ठा परत पाठवला. वाऱ्याने चुन्याची भुकटी उडून चादरींत बसली होती, रोग्यांच्या अंगाला खाज सुटली होती. घर चालवायचं तर चादरी, आणि चादरी वाळवायच्या तर चुना नको. शेवटी तिने छत घासून पुन्हा काळं केलं, तळहात सोलले गेले. कार्यालयाच्या लेपाची भुकटी होत नव्हती. पत्रेवाल्याच्या छतावर तिने ओला हात घासून पाहिला होता. पण तो विकत घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि फुकट मिळायला तिचं छत आधीच पांढरं होतं!

त्या रागात ती चादर पिळायची तेव्हा यंत्राला हात लावायची नाही. हातानेच पिळायची, जणू कुणाची मान पिळतेय. आणि पिळता पिळता ओठांत शब्द जुळायचे, तिच्या आईच्या ओठांत जुळायचे तसे:

*पिळते बाई पिळते, चादर मी पिळते,*
*परक्याच्या निजेचं पाणी खाली गळते.*
*आभाळातल्या डोळ्या, तुझी नजर लांबची,*
*चादर दिसली तुला, पाठ दिसेना डांबराची.*

आठवड्याभराने पत्रेवाल्याची बायको धापा टाकत आली. "मावशी, चौकात चल. आत्ता. पदर खोच नि चल."

चौकात नवा फलक लागला होता, दुमजली घराएवढा. 'आमची वस्ती, गार वस्ती.' खाली विमानाचा तोच फोटो. मधोमध ते दुधासारखं छत, त्याच्याभोवती पिवळं वर्तुळ, वर्तुळाला बाण, आणि बाणाच्या शेपटाशी दोन शब्द: 'आदर्श छत'.

नीळमावशी बघत राहिली. रस्त्यावरचे लोक वर बघून पुढे जात होते. एक माणूस बायकोला म्हणाला, "बघ, ह्याला म्हणतात काम." आणि नीळमावशीच्या डोक्यात, उन्हाने नव्हे, काहीतरी तापून लाल झालं. साठ चादरी तिने उचलल्या होत्या, ओल्या, एकेक दोन किलोची. त्या पाण्याचं वजन तिच्या कमरेत होतं. आणि तिच्या वाकलेल्या पाठीचा ठिपका मिरवत हे लोक सांगत होते की काम आम्ही केलं!

"नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा ऐकलं होतं," पत्रेवाल्याची बायको म्हणाली. "इथं तर वाळासुद्धा तुझाच पळवलाय."

दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं. सासऱ्यांना आता सलग वाचवत नव्हतं. थांबत थांबत त्यांनी वाचलं. शेजारच्या विभागातली ऊर्जा कार्यालयाची मंडळी ही योजना पाहायला येणार होती. साहेब स्वतः त्यांना आदर्श छत दाखवणार होते आणि घरमालकिणीला प्रमाणपत्र देणार होते. गुरुवारी दुपारी दोन वाजता. "'तरी कृपया त्या दिवशी छतावर कोणतेही सामान अथवा कपडे ठेवू नयेत. छत स्वच्छ व मोकळे ठेवावे.'"

कागद खाली ठेवून सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं.

"मोकळं ठेवायला सांगितलंय," ते म्हणाले.

"हो."

"सरकारी हुकूम आहे. मोडू नये माणसानं."

"तार सुद्धा काढून ठेवते," नीळमावशी म्हणाली.

गुरुवारी दोनला दोन मिनिटं कमी असताना दाराशी गाडी थांबली. साहेब उतरले, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांच्यामागे कॅमेरेवाला, आणि काखेत फाईल आणि हातात काचेत मढवलेलं प्रमाणपत्र घेतलेला तोच स्वेटरवाला कारकून, आज स्वेटरशिवाय. मग शेजारच्या विभागातले तीन पाहुणे; त्यात एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, हातात वही.

"नमस्कार, नमस्कार!" साहेब म्हणाले. "तुम्हीच का आमच्या आदर्श मावशी?"

"मीच. या. चपला-बूट जिन्याखाली काढा."

"अं?"

"वर धुतलेलं वाळतं. पायतळाची धूळ वर न्यायची नाही, आमच्या कामाचा नियम आहे. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनीही काढल्या होत्या."

नियम खरा होता, तीस वर्षांचा. पिकल्या केसांच्या बाईंनी लगेच चपला काढल्या. मग साहेबांनाही वाकून बुटांच्या नाड्या सोडाव्या लागल्या. मोजेही नीळमावशीने काढायला लावले. "मोज्यांचे धागे चादरीला चिकटतात," ती म्हणाली. तेही खरंच होतं. कारकुनाने तिच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्याला कळलं. गुपचूप सँडल काढून उभा राहिला.

आधी वरची खोली लागली. सासरे उशीला टेकून बसले होते, ओला टॉवेल डोक्यावर. खोलीत पाऊल टाकताच सगळ्यांचे चेहरे बदलले, भट्टीचं दार उघडल्यावर बदलतात तसे.

"काय आजोबा," साहेब म्हणाले, "गार वाटतंय ना आता?"

"साहेब, बसा की. पाचच मिनिटं. गप्पा मारू."

साहेबांनी रुमाल काढला. "नको, नको. पाहुण्यांना छत बघायचंय."

"मी दोन वर्षं बसलोय. तुम्हाला पाच मिनिटं नाहीत?"

पाहुण्या बाई मात्र बसल्या. खाटेच्या कडेला, वही मांडीवर. त्यांनी भिंतीला तळवा लावला आणि मागे घेतला. "ही खोली त्याच छताखालची ना?" त्यांनी विचारलं. साहेब तोवर जिन्याकडे वळले होते.

मग सगळे वर गेले. साहेब पुढे.

छतावर पहिलं पाऊल पडलं आणि साहेबांच्या तोंडून असा आवाज आला, की खालच्या गल्लीतल्या माणसांनी वर पाहिलं. दुसरं पाऊल त्यांनी न ठेवता पहिलंच उचललं. पण माणसाला दोनच पाय असतात. ते नाचू लागले. कॅमेरेवाला मागून आला तो त्यांच्यावर आदळला आणि तोही नाचू लागला. कारकुनाने फाईल खाली टाकली आणि तिच्यावर चढला. साहेबांनी त्याच्या हातातलं प्रमाणपत्र ओढून घेतलं, डांबरावर आडवं ठेवलं आणि त्यावर दोन्ही पाय जोडून उभे राहिले. काच कुरकुरली.

नीळमावशी छताच्या मध्यावर शांत उभी होती. अनवाणी. तिच्या तळव्यांना तीस वर्षांची सवय होती.

"उतरा त्यावरून," ती म्हणाली. "माझं आहे ते."

"हे... हे छत..." साहेबांनी भोवताली पाहिलं. चहूकडे काळं. उन्हात डांबर मऊ होऊन चमकत होतं. "ही चूक झालीय. चुकीच्या घरात आणलं आम्हाला."

"घर बरोबर आहे. हा तुमचा कागद." तिने कमरेला खोचलेलं पहिलं पत्र काढलं. "मोठ्यानं वाचा. मला वाचता येत नाही असं नाही, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. उन्हात उभं राहून."

"खाली जाऊन बोलू ना आपण."

जिन्याच्या दारात पाहुण्या बाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, सावलीत. त्या बाजूला झाल्या नाहीत. "वाचा की," त्या म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय."

साहेबांनी वाचलं. 'पूर्णतः पांढरे आढळून आल्याने' इथे त्यांचा आवाज बसला.

"ते पांढरं माझं होतं," नीळमावशी म्हणाली. आता तिचा आवाज चढत होता आणि तिला तो आवरायचाही नव्हता. "दवाखान्याच्या चादरी होत्या त्या! रोग्यांच्या घामाच्या, मी उकळून, घासून, नीळ देऊन पांढऱ्या केलेल्या. त्यावर तुम्ही हिरवी खूण मारलीत. मी तुमच्या दारात येऊन सांगितलं, तर म्हणे विमान सांगेल. माझा सासरा ह्या छताखाली मरत होता. ओल्या चादरीत गुंडाळून मी त्याला परत आणला, आणि तुम्ही चौकात त्याच छताचा फलक लावलात! लाज वाटली नाही? एक माणूस जिना चढला असता. एक! सतरा पायऱ्या आहेत. मोजा उतरताना."

कॅमेरेवाला अजून नाचतच होता. साहेबांचे पाय काचेवर हलत होते.

पाहुण्या बाईंनी कारकुनाला विचारलं, "अशी आणखी किती छतं आकड्यात असतील?"

"तपासलं नाही बाई," कारकून फाईलवरून म्हणाला. मग थांबून, साहेबांकडे न बघता: "माणूस पाठवायची परवानगी नाही."

साहेब म्हणाले, "मी उद्या कार्यालयात गेल्यावर यात लक्ष घालतो."

"इथं घाला. कागद आहे, पेन बाईंकडे आहे. लिहा, ह्या घराचं काम आठ दिवसांत. आणि खाली लिहा, वस्तीतली सगळी पांढरी छतं माणसानं वर चढून बघावीत."

"ते माझ्या अधिकारात नाही हो मावशी."

"पाय तरी तुमच्या अधिकारात आहेत ना? मग ठेवा खाली."

साहेबांनी पेन मागितलं. पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला, गुडघ्यावर कागद धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर जात त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि सही केली. अक्षर वाकडं आलं, पण सही सहीच होती. पाहुण्या बाईंनी खाली तारीख आणि वेळ घातली, आणि साक्षीदार म्हणून आपलंही नाव.

मंडळी जिना उतरली. कारकून शेवटी होता. उतरताना तो पुटपुटत होता, "पंधरा... सोळा... सतरा." मागे वळून म्हणाला, "मावशी, खरंच सतरा आहेत."

सहाव्या दिवशी कामगार आले. सासऱ्यांना खाटेसकट पत्रेवाल्याच्या गार खोलीत हलवलं. तिथे दोन दिवसांत त्यांनी पत्रेवाल्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला इतकी नावं ठेवली, की ती म्हणाली, "माणूस बरा झाला बरं का, घेऊन जा आता." छत घासलं, लेप दिला, आतून तक्ते बसवले. लेप वाळल्यावर नीळमावशीने पहिल्यांदा चादरी टाकल्या तेव्हा त्या वाळायला पाऊण तास लागला. आधी वीस मिनिटं लागायची. काळ्या छताची धग गेली, तिच्याबरोबर ती सोयही गेली. लागू दे. ती पहाटे अर्धा तास आधी उठू लागली.

महिन्याभराने एक मुलगी आली, गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र. दुपारचे तीन वाजले होते. नीळमावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून उशांचे अभ्रे घडी करत होती.

"मावशी, योजनेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, ते विचारायचंय. पाच चेहरे आहेत, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एकावर खूण करा."

"हळू बोल," नीळमावशी म्हणाली. "वर मामंजी झोपलेत."

वरून घोरणं ऐकू येत होतं. भर दुपारी, भर उन्हात, दोन वर्षांनी.

मुलीने आवाज खाली आणला. "म्हणजे समाधानी ना?"

"बाकीच्यांचं काय झालं? पांढरी छतं बघायला माणूस गेला का?"

मुलीने हातातल्या फळीवरचे कागद चाळले. "गेला होता. अकरा सापडली. चमकते पत्रे, मंडपवाल्याचं कापड, असं काय काय. पण त्यांचा निर्णय पुढच्या वर्षीच्या आराखड्यात होईल."

"पुढच्या वर्षी? आणि ह्या वर्षीच्या आकड्यातून काढली ती?"

"नाही. आकडा वर गेलाय ना." मुलगी जरा अडखळली. "तुमचं घर तर दोनदा धरलंय. एकदा फोटोवरून आणि एकदा काम झालं म्हणून."

नीळमावशी उठली. तोंड उघडलं, छाती भरली, गल्ली हादरेल असं काहीतरी अगदी जिभेच्या टोकाशी आलं. वर घोरणं थांबलं. खाट कुरकुरली. तिने श्वास तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं, संथ, बिनघोर.

तिने मुलीला मनगटाला धरून पायरीवर बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"लिही," ती कुजबुजली. "आमचं एक घर दोनदा धरायला तुम्हाला लाज वाटत नाही, आणि त्या अकरा घरांत एकदाही कुणी माणूस धरला नाही. लिही. त्या अकरा घरांत कोण कोण झोपतं, त्यांची वयं काय, हे मला उद्यापर्यंत पाहिजे. मी प्रत्येक जिना चढणार आहे. आणि त्यांना घेऊन तुमच्या कार्यालयात येणार आहे, सगळ्यांना, अनवाणी. लिहिलंस?"

"मावशी," मुलगीही कुजबुजली, "इथं फक्त चेहऱ्यावर खूण करायचीय. असं लिहायला जागा नाही."

"मागची बाजू कोरी आहे," नीळमावशी म्हणाली. "उलट कागद. आणि पेन जोरात टेकवू नकोस, आवाज होतो."